पदराला लावलेला माइक

मी माइक. चिमुकला, काळा, चिमट्याने कॉलरला अडकवतात तो. उभा जन्म ऐकण्यात गेला, म्हणून आज थोडं बोलून घेतो. ऐकायला कुणी आहे की नाही, ठाऊक नाही.

कारखान्यातून डबीत बंद होऊन निघालो तो थेट बुलढाण्याला, गावोगावच्या पत्रकारांच्या शिबिरात. मोबाइलवर बातमी कशी टिपायची, आवाज कसा घ्यायचा, संगणकाकडून काय काय करून घ्यायचं, हे तिथे शिकवत होते. शिकवणाऱ्या छाया मॅडमनी मला धामणगाव बढे गावच्या मयुरीच्या हातात दिलं. ती तालुक्याच्या बातम्या लिहायची. मला पाहून इतकी हरखली, की जेवायला जातानाही मला ओढणीला लावून गेली. मीही हुरळलो.

माणसांची एक गंमत सांगतो. मला लावलं की भलेभले बदलतात. एरवी तावातावाने बोलणारे पुढारी घसा खाकरून छापील बोलू लागतात. आणि प्रत्येक जण आधी मला फुंकर मारतो. का मारतो, ते मला अजून कळलेलं नाही.

तानाबाई तशी नव्हती. मोताळ्याच्या आठवडी बाजारात ती अंबाडीची भाजी घेऊन बसायची. मुलगा अश्वजित सुरतेला गिरणीत होता. पैसे पाठवायचा, फोन मात्र करायचा नाही. मयुरीने मला तिच्या पदराला लावलं, मोबाइलवर व्हिडिओ सुरू केला आणि विचारलं, "तानामाय, या वयात बाजारात काऊन बसून राह्यली?"

"घरी बोलाले कोनी नाही वं माय. इथं गिऱ्हाईक भाव करते, तेवढंच तोंड उघडते." मग ती मयुरीला सोडून माझ्याकडेच बघत बोलू लागली, "आशू, मले फोन लावता येत नाही रे बाप्पा. तूच लावत जाय. जेवला काय, एवढंच इचारीन मी."

आवाज घोगरा, मध्येच खोकला, मागे बाजाराची ओरड. पण त्या आवाजात आई होती. पोराने हे ऐकावं, एवढ्यासाठीच ती बोलली होती.

शिबिरात एक नवं तंत्र दाखवलं होतं. कुणाचंही बोलणं संगणकाला द्यायचं, तो ते शुद्ध मराठीत, गोड आवाजात बोलून दाखवतो. पुण्यात शिकताना मयुरीच्या 'मले-तुले'ला मैत्रिणी खदखदून हसायच्या. ते तिच्या मनाला लागलं होतं. तानामायचं तसं हसं होऊ नये म्हणून तिने व्हिडिओतून म्हातारीचा आवाज काढून टाकला आणि संगणकाचा घातला. "अश्वजित, मला दूरध्वनी करत जा," असं कुणी गुळगुळीत बाई म्हणाली. मोबाइल भरला होता, म्हणून मूळ रेकॉर्डिंग मयुरीने पुसून टाकलं.

व्हिडिओ खूप चालला. छाया मॅडमनी शाबासकी दिली. तानाबाईला दाखवला तेव्हा तिने एवढंच विचारलं, "हे कोन बोलून राह्यली? मी कवा बोलनार हाय?" मयुरी हसली. मला मात्र गलबलून आलं.

थंडीत तानाबाई गेली. पुण्यानुमोदनाचा विधी आटोपल्यावर अश्वजित मयुरीच्या घरी आला.

"ताई, तो व्हिडिओ तवाच आल्ता मले. काम चालू होतं. फोन खिशात, कानात वायर. आवाज वळखीचा लागला नाही. वाटलं, जाहिरात हाय. माह्यं नाव याच्या आंधीच बंद करून देल्ला. माह्या मायचा खरा आवाज द्या न."

"पुसला रे दादा मी," मयुरी म्हणाली आणि टेबलावरून उचलून मला त्याच्या पुढे केलं. का केलं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"याच्यातच बोलली न माय?" असं म्हणत त्याने मला कानाला लावलं आणि डोळे मिटले. तिचा शब्द न् शब्द माझ्यातूनच गेला होता, आणि मला एकही परत देता येईना. असं एकटेपण माझ्या वैऱ्यालाही नको.

तेव्हापासून मी कपाटात, डबीत पडून आहे. मयुरी मला बाहेर काढत नाही. दार उघडलं की मीच आशेने कान टवकारतो.

तुमच्या घरी कुणी अडखळत, खोकत, आपल्या गावच्या बोलीत बोलत असेल, तर ते तसंच घेऊन ठेवा. त्याला सुधारू नका. मागाहून माझ्याकडे मागायला येऊ नका, माझ्याजवळ काही उरत नाही.