पोलादवीराच्या पाठीवरचा शेला

मित्रांनो, माझे आयुष्य खांद्यावर गेले. मी शेला, वय झालेला. येवल्याच्या कोंडाजी विणकरांनी एकाहत्तर साली मला मागावरून उतरवले. लाल रेशीम, हिरवा काठ. चांदवडच्या चिमाजीबुवांचे पहिले कीर्तन ऐकून ते इतके रडले होते, की घरी जाऊन त्यांनी मला विणले आणि बिदागी म्हणून बुवांच्या खांद्यावर घातले. तेव्हापासून माझ्याशिवाय बुवा कीर्तनाला उभे राहिले नाहीत. पूर्वरंगात मी खांद्यावर, उत्तररंगात कमरेला. आख्यान रंगले की मी कधी द्रौपदीचा पदर होई, कधी सेतूखालचा समुद्र. कापडाला यापेक्षा मोठे काम मिळत नाही.

त्र्याऐंशीच्या चैत्रात सिनेमावाले आले. चित्रकथांच्या पुस्तकातला ‘पोलादवीर’ त्यांनी आधी एकदा पडद्यावर आणला होता. त्यात खलनायक मेला, लग्न लागले, सगळे आटोपले. तरी हे दुसरा भाग काढायला हजर. मेलेला उठला कसा, असे कोणी विचारले तर दिग्दर्शक म्हणे, “तो मेलाच नव्हता.”

वीराच्या पाठीवरचे नायलॉनचे कापड फाटले होते. दिग्दर्शकाच्या नजरेत मी भरलो. बुवा भोळे. म्हणाले, “पोरं बघतील ना? मग न्या. पण परवा हनुमान जयंती. पहाटेच्या कीर्तनाला मला तो लागतो.”

“उद्याच आणून देतो, बुवा.”

आतून बुवांच्या पत्नी चंद्रभागाबाई बोलल्या, “द्या, द्या. उद्या टाळ मागतील, तेबी द्या.”

चित्रीकरणाच्या डोंगरावर वाऱ्याचे नाव नव्हते. पोलादवीराला पट्ट्याने दोरावर टांगले, की तो भरल्या पखालीसारखा लोंबे आणि मी त्याच्या घामट पाठीला चिकटे. दिग्दर्शकाने चित्रकथेचे पान पुढे धरले. चित्रात वीराचे कापड हवेत ताठ. “असं पाहिजे.”

“चित्राला वारा लागत नाय, साहेब,” शफी म्हणाला. हा चांदवडचाच शिंपी, कपड्यांच्या कामाला रोजावर घेतलेला.

“मग खळ लाव. घट्ट.”

“रेशमाला खळ? अहो, चिरंल ते.”

“तू शिवायचं बघ.”

शफीने हात लावला नाही. मग सिनेमावाल्यांनीच मला भाताच्या पेजेत बुडवून कातळावर वाळत घातले. मी पापडासारखा झालो. सगळे जेवायला पांगले, तशी पेजेच्या वासाने एक शेळी आली आणि तिने माझा एक कोपरा मन लावून खाल्ला. मित्रांनो, त्या अख्ख्या मंडळीत आपल्याला काय हवे ते कळणारी ती एकटीच.

उरलेला मी वीराच्या पाठीवर चढलो. दोर ओढताच वीर भिऊन वाकला आणि मी मधोमध कडकन चिरलो. दिग्दर्शक खूश. “वा, आवाजपण मिळाला.”

मला परत आणले ते शफीनेच. आधी चार पाण्यांत खळ काढली, रेशमाच्या धाग्याने चीर सांधली. खाल्लेला कोपरा कोठून आणणार? उंबऱ्याशी तो मान वर करीना.

“तुमचा हात लागला, म्हणून तर हा उद्याच्या कीर्तनाला मिळाला,” बुवा म्हणाले आणि त्याला पाणी दिले.

पहाटे बुवांनी मला खांद्यावर घेतले, कुरतडलेला कोपरा पुढे करून. सुंठवड्याच्या आशेने सिनेमावालेही येऊन बसले होते. आख्यान रंगात आले तसा बुवांनी तो कोपरा हाती धरला. “मारुतीराया समुद्रावरून उडून गेला. त्याला लंगोटी पुरली.” मंडप हसला. दिग्दर्शकही हसला. त्याला कळले नव्हते.

तो दुसरा भाग नाशिकला आठवडाभरही टिकला नाही. तरी पुढच्या चैत्रात तिसऱ्यासाठी ते पुन्हा दारात. या वेळी चंद्रभागाबाई पुढे झाल्या. “पूर्वरंग झाला, उत्तररंग झाला. म्होरं आरती असती, साहेब. तिसरा रंग नसतो.” आणि कडी लावली.

मित्रांनो, कोणाची वस्तू मागून न्याल, तर ती त्याच्या घरी काय काम करते ते आधी विचारा. मी अजून बुवांच्या खांद्यावर आहे. सेतूचे आख्यान लागले की ते मला समुद्रासारखे पसरतात आणि शेळीने खाल्लेला कोपरा दाखवून म्हणतात, “ही बघा, लंकेची किनार.”