रोखून धरलेला श्वास

चष्मेवाला माणसाच्या तोंडाजवळ जितका जातो तितका न्हावीसुद्धा जात नसेल. न्हावी निदान मागे उभा राहू शकतो. मला समोरूनच जावं लागतं. डोळ्यात बॅटरी मारून बघताना माझं नाक आणि गिऱ्हाइकाचं नाक यांच्यात फार तर चार बोटांचं अंतर उरतं. आणि माझ्या तोंडाला वास यायचा. एखाद्या दिवशी नाही, पंचवीस वर्षं. समोरचा माणूस बोलता बोलता मान वळवायचा, खुर्ची मागे सरकवायचा, किंवा त्याला एकदम भिंतीवरचं कॅलेंडर वाचावंसं वाटायचं.

त्यावर मी एक युक्ती काढली होती. गिऱ्हाइकाजवळ जायच्या आधी छातीभर श्वास घ्यायचा, तो रोखून धरायचा, भराभर काम उरकायचं आणि मग भिंगं शोधायच्या निमित्तानं कपाटाकडे वळून, तोंड वासून हवा ओढायची. चाळीस सेकंदांत एक डोळा. बोलायचं तेही कपाटाशी. "हे स्पष्ट दिसतं, की आधीचं?" असं मी कपाटाला विचारायचो आणि उत्तर माझ्या पाठीला मिळायचं. बाजारात माझ्याबद्दल म्हणायचे, माणूस शिष्ट आहे, पण नंबर अचूक काढतो. वास मारतो म्हणण्यापेक्षा शिष्ट म्हटलेलं मला परवडत होतं.

यातली खरी गोम अशी, की स्वतःचा वास स्वतःला येत नाही. बायको होती तोवर मला रोज निकाल कळायचा. सकाळी चहाचा कप ठेवता ठेवता ती वाकायची, माझ्या तोंडाशी नाक आणायची आणि म्हणायची, "नापास." एवढ्या वर्षांत बाईनं एकदाही पास केलं नाही. पण वाकायची मात्र रोज. तिला जाऊन चार वर्षं झाली. त्यानंतर आपणहून माझ्या इतक्या जवळ कुणी आलेलं नाही.

मुलीचं वेगळं होतं. लहानपणी कडेवर घेतलं की ती तोंड दुसरीकडे करायची. शाळेत पालकांना बोलावलं की "आईच येईल" म्हणून सांगून मोकळी व्हायची. मोठी झाल्यावर तिनं एका शब्दानं कधी काही बोलून दाखवलं नाही. फक्त घरात आली की आधी खिडकी उघडायची आणि तिथंच उभी राहून बोलायची. तिला मुलगा झाला तेव्हा दवाखान्यात मी नातवाला पाहिलं ते पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून. "बाबा, घ्या ना," असं ती म्हणाली नाही. मीही मागितलं नाही. पुढच्या आठवड्यात ती बाळाला घेऊन आपल्या घरी गेली, दूरच्या शहरात. सहा महिन्यांनी येते म्हणाली.

त्या दिवशी मी ठरवलं, सहा महिन्यांत हा वास घालवायचा. बाळाला एकदा छातीशी धरून त्याच्या तोंडाजवळ तोंड न्यायचं होतं. बाकी मला काही नको होतं.

दातांच्या डॉक्टरांनी अर्धा तास तपासलं. "दात ठीक, हिरड्या ठीक, जीभ स्वच्छ. तुम्ही तोंडानं श्वास घेता का?" मी त्यांना माझी युक्ती सांगितली. हसूच आवरेना त्यांना. "अहो, दिवसातून चाळीस वेळा श्वास कोंडायचा आणि चाळीस वेळा तोंड वासायचं! रात्रीही तीच सवय लागली असणार. तोंड कोरडं पडलं की वास येतो. वास लपवायला जे करताय, त्यानंच तो वाढतोय." म्हणजे पंचवीस वर्षं मी त्या कपाटापाशी उभा राहून वासाला खतपाणी घालत होतो. मला हसू आलं नाही. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण नाकानं श्वास घ्यायला नव्यानं शिका, असं त्यांनी सुचवलं.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर श्वासाच्या व्यायामाचा वर्ग चालायचा. ओठ मिटून, नाकानं चार मोजेपर्यंत आत घ्यायचा, आठ मोजेपर्यंत हळूहळू सोडायचा. एवढं साधं, आणि मला महिनाभर जमेना. पाचावरच माझं तोंड उघडायचं. मी कोपऱ्यातली चटई धरली होती, शेजारी कुणी नको म्हणून. घरी बायकोच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून सराव करायचो. रोज सकाळ-संध्याकाळ, वीस मिनिटं. श्वासाचा आवाज तेवढा घरात असायचा.

दुसऱ्या महिन्यात सकाळी घशाला कोरड पडेनाशी झाली. उशाशी ठेवलेला पाण्याचा पेला भरलेलाच राहू लागला. तिसऱ्या महिन्यात मी दुकानात धीर केला आणि गिऱ्हाइकासमोर नाकानं श्वास सोडला. गिऱ्हाइकानं मान वळवली. पण बाहेर ट्रकचा भोंगाही वाजला होता, म्हणजे नक्की काय ते कळलं नाही.

आता निकाल कुणाला विचारायचा? मनगट चाटून हुंगलं, वाटीत फुंकर मारून पाहिली. डॉक्टरांकडे गेलो तर त्यांच्या तोंडावर मास्क, वर सर्दी. वर्गातल्या शिक्षिका व्यासपीठावरून खाली उतरत नाहीत. शेजाऱ्याशी जिन्यातल्या दिव्यापलीकडे कधी बोलणं झालेलं नाही, त्याला एकदम "जरा माझं तोंड हुंगता का?" म्हणणार कसं? हे विचारायला आपलं माणूस लागतं. दिवसभर दुकानात माणसं येत होती आणि विचारावं असं एकही नव्हतं. पाचवा महिना संपला तेव्हा मी व्यायाम सोडून द्यायच्या बेतात होतो.

मुलगी यायच्या आदल्या आठवड्यात आजी आल्या. या माझ्या फार जुन्या गिऱ्हाईक. दोन्ही डोळ्यांना आता नुसत्या सावल्या दिसतात, तरी वर्षातून दोनदा चष्म्याच्या काड्या घट्ट करून घ्यायला काठी टेकत येतात. मी समोर बसून त्यांच्या कानामागे काडी बसवली. त्या एकदम मागे झाल्या.

"तुम्ही नवीन का हो? इथले ते साहेब कुठे गेले?"

"मीच तो, आजी."

"काहीतरीच. आवाज तसाच आहे, पण ते तुम्ही नव्हे."

"कशावरून?"

त्या चुळबुळल्या. "जाऊ द्या. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. त्यांच्या तोंडाला वास यायचा. मला दिसत नाही ना, मी वासावरूनच माणूस ओळखते. पण स्वभावानं चांगले होते हो."

मी जिवंत आहे हे पटवायला मला पाच मिनिटं लागली. त्या गेल्यावर मी दुकानाचं दार आतून लावलं आणि खाली बसलो. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पास झालो होतो, आणि ते ऐकायला जी हवी होती तीच नव्हती. शेवटी मुलीला फोन लावला. "रविवारी नक्की येताय ना?" एवढंच विचारलं.

रविवारी ती बाळाला घेऊन एकटीच आली. आल्या आल्या खिडकी उघडली, सवयीनं. दूध झालं, कपडे बदलून झाले. मग बाटली धुवायची होती, बाळ खाली राहीना, म्हणून नाइलाजानं तिनं त्याला माझ्याकडे दिलं आणि स्वयंपाकघरात गेली.

मी त्याला घेतलं आणि श्वास रोखला. पाच महिन्यांचा सराव पाण्यात गेला. तसाच उभा राहिलो, छाती भरून, तोंड घट्ट मिटून. बाळानं माझा चष्मा ओढला, एक काडी वाकवली आणि आपलं ओलं तोंड माझ्या हनुवटीला लावलं. मला श्वास धरवेना. मी नाकानं सोडायला सुरुवात केली. एक, दोन, तीन… आठापर्यंत. त्याच्या कपाळावरचं जावळ हललं. त्यानं तोंड वळवलं नाही. उलट हसला, आणि परत हनुवटी धरली.

तेवढ्यात मुलगी हात पुसत आली. "द्या, बाबा." त्याला घ्यायला ती पुढं वाकली, आणि मी तिचा चेहरा चार बोटांवरून पाहिला. ओठ मिटलेले, नाकपुड्या स्थिर, गळा ताठ. श्वास रोखलेला माणूस मला लगेच ओळखू येतो. ही लहानपणापासून माझ्याजवळ येताना हेच करत आली होती, आणि मी कपाटाकडे तोंड करून उभा असल्यामुळे मला ते कधी दिसलंच नव्हतं.

डॉक्टर, चटई, आजी, सगळं सांगायचं होतं. तोंडातून एवढंच आलं:

"सोड तो. श्वास घे, बाळा."

ती चमकली. माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं होतं की मला कळलंय. मी मनात मोजत होतो. एक, दोन, तीन, चार. पाचाला तिनं श्वास घेतला, नाकानं, हळूच, भीत भीत. मग आणखी एक घेतला, मोठा.

नातू आमच्या दोघांच्या हातांत होता. तिनं त्याला ओढून घेतलं नाही, आणि खिडकीकडेही गेली नाही.