न कुजणारा दोरा

मित्रांनो, मला नीट पाहायचे असेल तर डोळे थोडे बारीक करावे लागतील. मी मासे पकडण्याच्या गळाचा एक जुना दोरा आहे. मासेमार मला तंगूस म्हणतात. पाण्यात मी दिसेनासा होतो. लोकांना याच गोष्टीचे कौतुक वाटे, आणि याच गोष्टीने माझ्या हातून मोठा अपराध घडवला.

माझा जन्म कारखान्यात झाला. प्लॅस्टिकचे दाणे वितळवून, बारीक छिद्रांतून ओढून मला तयार केले. तिथल्या एका बाईने माझ्या टोकाला वजन टांगून मी तुटतो का ते पाहिले. मी तुटलो नाही. तिने समाधानाने मान डोलावली आणि मला फिरकीवर गुंडाळले. आयुष्यातली ती माझी पहिली शाबासकी.

मला विकत घेतले शिंपीकाकांनी. चाळीस वर्षे कपडे शिवून त्यांनी नुकतेच दुकान मुलाच्या हवाली केले होते. दर रविवारी सकाळी ते आणि त्यांचे शाळेपासूनचे मित्र, घड्याळे दुरुस्त करणारे घड्याळवाले, नदीच्या वळणावर गळ टाकून बसत. मासे थोडे आणि गप्पाच फार. तिथे आणखी एक जण नेमाने येई, तो म्हणजे एक राखी बगळा. मान खांद्यात खुपसून तो असा गंभीर उभा राही की दोघांनी त्याचे नाव वकीलसाहेब ठेवले होते. काका त्याला छोटे मासे टाकत. तो त्यांच्यापासून दोन हातांवर येऊन ते उचले. इतका जवळ तो दुसऱ्या कुणाकडेही जात नसे. काकांना त्याचा केवढा अभिमान! घरी काकू म्हणायच्या, की सगळे मासे वकिलालाच देत असाल तर जेवायलाही त्याच्याकडेच जा.

शिंपीकाका स्वच्छतेच्या बाबतीत फार कडक होते. आमिषाची पिशवी, बिस्किटांचे कागद, विडीचे थोटूकसुद्धा ते उचलून घरी नेत. एकदा एक माणूस पाण्याकाठी रिकाम्या बाटल्या टाकून निघाला. काकांनी त्याला हाक मारली आणि शांतपणे म्हणाले, "भाऊ, तुमचं सामान राहिलं." तो ओशाळून परत आला. घड्याळवाले पुढे महिनाभर या वाक्याची नक्कल करत होते.

तीन वर्षे मी इमानाने काम केले. मग एका रविवारी बुडालेल्या फांदीत अडकून माझा गुंता झाला. काकांनी अर्धा तास खपून पाहिले. शेवटी त्यांनी सवयीने मला दातांनी तोडले आणि तो सगळा पुंजका मागच्या झुडपात टाकला. घड्याळवाल्यांनी विचारले, की हा नाही का टाकायचा पिशवीत?

"अरे, दोराच तो," काका म्हणाले. "एका पावसाळ्यात माती होईल त्याची."

मित्रांनो, ते खोटे बोलत नव्हते. दुकान झाडून निघालेले सुती दोरे त्यांनी आयुष्यभर परसात टाकले होते आणि त्यांची माती होताना पाहिली होती. पण मी सुती नव्हतो.

झुडपात मी एकटाच पडून राहिलो. माझ्यावर पाने पडली आणि कुजली. एक मेलेला भुंगा पडला, तोही मातीत मिसळला. पाऊस आला, ऊन आले. मी होतो तसाच राहिलो. मला तर त्याचा गर्वच वाटे. मग नदीला पूर आला आणि पाण्याने मला ओढून काठावरच्या लव्हाळ्यात आणून सोडले.

तिथेच एका सकाळी वकीलसाहेबांचा पाय माझ्यात पडला. त्यांनी पाय झटकला. मी आवळलो. पुन्हा झटकला, मी आणखी आवळलो. मला दुसरे काही येतच नव्हते. न तुटणे एवढेच मला शिकवले होते.

पुढचे दोन रविवार बगळा एका पायावर उभा होता. बगळे तसे उभे राहतातच, त्यामुळे दोघा मित्रांना शंका आली नाही. घड्याळवाले म्हणाले, की अशील येईपर्यंत वकीलसाहेब दुसरा पाय टेकणार नाहीत, आणि दोघे पोटभर हसले. मी त्या वर घेतलेल्या पायाला करकचून बसलो होतो. सगळे ठाऊक असून मला सांगता येत नव्हते.

तिसऱ्या रविवारी काकांनी मासा टाकला. बगळा उडायला गेला, माझे मोकळे टोक लव्हाळ्याच्या मुळांत अडकले आणि तो तोंडावर आपटला.

काका बूट न काढताच चिखलात उतरले. घड्याळवाल्यांनी आपला सदरा पक्ष्याच्या डोक्यावर टाकून त्याला हलकेच धरले. पाय सुजून दुप्पट झाला होता. काकांनी मुळांतून सोडवायला मला ओढले, आणि त्यांचा हात थांबला. दोन तुकडे जोडायला माझ्यात एक गाठ मारलेली होती. बटण शिवताना मारतात तशी, तीन वेढ्यांची.

"कुणाचं रे हे काम?" घड्याळवाले संतापून म्हणाले. "सापडला पाहिजे एकदा."

काका गप्प बसू शकले असते. गाठ कुणाची आहे हे कुणालाच कळले नसते.

"सापडलाय," ते म्हणाले. "माझं आहे."

घड्याळवाल्यांनी पक्ष्याला सदऱ्यात गुंडाळून उचलले. मग म्हणाले, "चल, आधी डॉक्टरकडे जाऊ. मी धरतो, तू रिक्षा बघ."

जनावरांच्या डॉक्टरबाईंनी मला तुकड्यातुकड्यांनी कापून काढले. आणखी चार दिवस गेले असते तर पाय गेला असता, असे त्या म्हणाल्या. काकांनी माझे सगळे तुकडे मागून घेतले आणि एका काचेच्या बरणीत भरले. ती बरणी आता त्यांच्या पिशवीत असते. काठावर नवा गळवाला दिसला की ते ती उघडून दाखवतात आणि सांगतात, "हा मी टाकला होता." बाटल्या टाकणाऱ्या त्या माणसालाही त्यांनी दाखवली.

वकीलसाहेब महिन्याभराने नदीवर परतले. थोडे लंगडतात, पण मासे पकडतात. फक्त आता ते पलीकडच्या काठावर उभे राहतात. काका अजूनही एखादा मासा आपल्या बाजूला दोन हातांवर ठेवतात. तो कावळे नेतात.

मित्रांनो, मी कुजत नाही, विरघळत नाही, आणि कुणाचा पाय आहे हे मला कळत नाही. नदीवर गेलात आणि माझा गुंता झाला, तर मला झुडपात टाकू नका, पुरूही नका. बोटाभोवती गुंडाळा, बारीक तुकडे करा आणि घरी घेऊन जा. मला फार जागा लागत नाही. मी खिशात मावतो.