उतरत्या ओळी

ते १९८७ साल. माझे धाकटे दीर दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि आमचे हे त्यांना रंग कालवून द्यायचे. दोघं पन्नाशीकडे झुकले होते. त्या वर्षी शिडीवरून भावजींचा पाय घसरला आणि डोकं भिंतीवर आपटलं. टेंगूळ आलं, बसलंही.

काही आठवड्यांनी त्यांच्या ओळी उतरायला लागल्या. अक्षरं घसरगुंडीवर बसल्यासारखी खाली यायची, डावीकडे कोरी जागा सुटायची. ह्यांनी पट्टी पुढे केली की भावजी चिडायचे. आणि नशीब बघा, बेकरीवाल्याला त्याची तिरकी पाटीच आवडली! मग "मलाही तश्शीच तिरकी हवी," म्हणत गिऱ्हाइकं येऊ लागली.

"बघा वहिनी, म्हातारपणी फॅशन निघाली माझी!"

डोकं दुखतं म्हणायचे. जेवताना पेंगायचे. डावी चप्पल वाटेतच राहायची.

"शेफारलेत," माझी जाऊ म्हणायची. "कौतुक झाल्यापासून पाय जमिनीवर नाहीत."

"दोन्ही कुठे? डावाच तेवढा," भावजी म्हणाले. आम्ही पोट धरून हसलो.

एका सकाळी ते उठेचनात. उशीवर उलटी झालेली, श्वास घोरल्यासारखा.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी मेंदूचा फोटो उजेडावर धरला. "कधी मेंदूत नस फुटते, माणूस उभ्या उभ्या कोसळतो. यांचं तसं नाही. मार लागल्यापासून कवटीखाली रक्त थोडं थोडं साठत गेलंय. भोक पाडून काढू. पण मेंदू फार दिवस दाबला गेलाय, आशा कमीच. डोकेदुखी, झोप, एका अंगाला अशक्तपणा... काहीच दिसलं नाही?"

"दिसलं की," जाऊ म्हणाली. "त्याच्याच तर ऑर्डरी घेत होतो आम्ही."

रक्त काढलं. भावजींनी डोळे उघडले, पण नजर कुणावर ठरेना. जाऊ रोज त्यांच्यावर वाकून विचारायची, "अहो, मी कोण?" डॉक्टरीणबाई तेवढ्यापुरत्या खोलीबाहेर जायच्या.

भावजी वर्षभर तसेच पडून होते, मग छातीत कफ भरून गेले. जाऊ भावाकडे राहायला गेली आणि तिथेच वारली. ह्यांनी दुकान मोडून छापखान्यात नोकरी धरली. निवृत्त झाले तेव्हा निरोपाचा फलक रंगवायला सांगितला, तर उठून घरी आले. त्यांनाही जाऊन आता बरीच वर्षं झाली. डॉक्टरीणबाईंची बदली झाली असं ऐकलं. मी लेकीकडे असते. भावजी तिला आठवत नाहीत; ती तेव्हा दोन वर्षांची होती.