यंत्राची भिशी

सोलापुरात बायका भिशी लावतात, व्यापारी लावतात. पाच डॉक्टरांनीही लावली होती. पैशांची नव्हे, यंत्राची. बंद पडलेल्या हृदयाला झटका देणारं एकच यंत्र पाचांत मिळून घेतलेलं, आणि ज्याच्या ऑपरेशन सेंटरची सरकारी तपासणी, त्याचा नंबर; तपासणीत ते दिसायलाच हवं. तपासणी उरकली की यंत्र एजाजच्या टेम्पोत बसून पुढच्या दारी. लग्नाघरची पातेलीसुद्धा इतकी हिंडत नाहीत!

सर्जन डॉ. राजशेखर यांच्या सेंटरमध्ये सकाळी ऑपरेशन झालेला पेशंट संध्याकाळी घरी जाई. काल तिथली तपासणी झकास पार पडली. आज सकाळी एजाज यंत्र न्यायला आला, तर भूल देणारी डॉ. भुवनेश्वरी ट्रॉली धरून दारातच उभी. ती राजशेखर यांची सख्खी भाची. बाप गेल्यावर मामांनीच तिला डॉक्टर केलं, त्यामुळे त्यांच्यापुढे तिचा आवाज कधी चढला नव्हता. आज मात्र तिचं डोकं फिरलं होतं. आत दुधनीच्या सावित्रम्मा हर्नियाच्या ऑपरेशनला तयार होत्या आणि त्यांच्या हृदयाचा ठोका मधूनच चुकत होता.

“यंत्र गेलं तर मी भूल देणार नाही, मामा.”

“इतकी वर्षं काही झालं का गं?”

“नशीब म्हणून नाही झालं. नशिबाच्या भरवशावर किती दिवस लोकांची पोटं उघडायची?”

राजशेखर लालबुंद झाले. “हे ऐकायला शिकवलं तुला? दुसरा भूलवाला बोलावतो मी!”

“बोलवा की. पण आधी पेशंटला सांगते.”

आणि आत जाऊन तिनं सगळं सांगितलं, सावित्रम्मांच्या कन्नडमध्ये, एक शब्द न गिळता.

सावित्रम्मा हिरवा गाऊन सावरत, नवऱ्याचा, कल्लप्पांचा हात धरून बाहेर आल्या.

“भिशी मी बी लावते, डॉक्टर. ज्येला गरज लई, त्येला आदी उचलू देतो आमी बाया. लगीन असंल, दवाखाना असंल, बाकीच्या गप बसत्यात. आज गरज मला हाय. यंत्र हितंच ऱ्हाईल.”

तेवढ्यात राजशेखर यांचा फोन वाजला. पुढच्या नंबरचे डॉक्टर. तपासणीवाले वाटेतच होते म्हणे. मामांनी काही बोलायच्या आत भुवनेश्वरीनं फोन त्यांच्या हातातून घेतला.

“यंत्र येणार नाही. साहेबांना बघायचंच असेल तर इकडं पाठवा. ते कुणाकुणाच्या दारी हिंडतं, तेही मीच सांगते त्यांना.”

एजाजनं रिकाम्या टेम्पोचं मागचं फळकूट लावून टाकलं.

“घराण्याचं नाव घालवलंस,” राजशेखर पुटपुटले.

“नाव पुन्हा कमावू, मामा. ही बाई गेली तर कुठून आणायची?”

ट्रॉली वळवून तिनं आत ढकलली. सावित्रम्मा यंत्राच्या कडेवर हात ठेवून तिच्याबरोबर चालू लागल्या.

“मामा, हात धुवून या,” ती आतून म्हणाली.