झाकणावरचा लाल दोरा

मित्रांनो, मी एक जुना, हाताने फिरवायचा कॅमेरा आहे. माझा जन्म उजेड टिपण्यासाठी झाला आणि आयुष्यभर मी घाबरलो तो उजेडालाच. भिंगातून येणारा उजेड मला हवा असतो, पण मोजून, पापणी लवते तेवढाच. झाकणाच्या फटीतून शिरलेला उजेड मात्र पोटातली चित्रं क्षणात खाऊन टाकतो.

एका सुताराने माझी लाकडी पेटी घडवली आणि एका घड्याळजीने आतली दातेरी चाकं बसवली. मग मी आजोबांकडे आलो. तेव्हा ते आजोबा नव्हते, कार्टूनपट करणारे तरुण चित्रकार होते. ते मला टेबलावर उलटा टांगायचे आणि खाली कागद ठेवायचे. कागदावर कोळशाने बदक काढून माझं हँडल एकदा फिरवलं, की फिल्मवर एक चित्र उमटायचं. मग त्याच कागदावरची मान पुसायची, केसभर पुढे काढायची आणि पुन्हा एक फेरा. अशी सोळा चित्रं झाली, की पडद्यावर जेमतेम एक सेकंद सरायचा.

आजी दारातून डोकावायच्या. "सकाळपासून बसलाय, आणि तुमच्या बदकाने नुसती मान वळवली? अहो, एवढ्यात माझं अख्खं घर आवरून झालं!"

"त्याला पाण्यात उडी मारायची भीती वाटतेय," आजोबा म्हणायचे. "घाई करून कसं चालेल?"

चित्रातलं ते लठ्ठ बदक तळ्याच्या भिंतीच्या काठावर उभं होतं. त्याची भीती मला चांगली कळत होती.

आजोबांचा एक नियम होता. पोटात फिल्म असली, की माझ्या झाकणाच्या कडीला लाल दोरा बांधायचा. दोरा नसेल तर कॅमेरा रिकामा. घरात सगळ्यांना हे पाठ होतं.

अखेर बदकाने उडी मारली. आजोबांनी दोऱ्याची गाठ पुन्हा घट्ट केली आणि म्हणाले, "उद्या फिल्म धुवायला देऊ." त्याच संध्याकाळी त्यांना दवाखान्यात नेलं. ते परत आले नाहीत.

मला एका डब्यात ठेवलं गेलं. त्यानंतरची तीस वर्षं मी कशी काढली, ते मलाच ठाऊक. ओल येत होती, पण तिच्यापेक्षा भयंकर होती कसर, कापड खाणारी बारीक कीड. ती माझा दोरा कुरतडत होती, एकेक धागा. एके दिवशी दोरा तुटून डब्याच्या तळाशी पडला. आता मी भरलेला असूनही सगळ्यांच्या लेखी रिकामा होतो, आणि मला तोंड नव्हतं.

मग एका दुपारी डबा उघडला. समोर आजोबांची नात होती आणि तिचा मामा. नात कार्टूनपट करायला शिकत होती आणि तिचा शेवटच्या वर्षाचा चित्रपट अडला होता. "बाई म्हणाल्या, तुझी मांजर अचूक चालते, पण ती मांजर वाटत नाही. मामा, आजोबा कसं करायचे ते मला बघायचंय."

"बघ की! बाबांचाच कॅमेरा आहे." मामाने मला उचलून खिडकीपाशी नेलं. खिडकीत लख्ख ऊन होतं. त्याचा अंगठा माझ्या कडीवर आला.

"मामा, आत फिल्म असली तर?"

"अगं, लाल दोरा कुठाय? बाबांचा नियम म्हणजे नियम."

नातीने डब्यात पुन्हा डोकावून पाहिलं. तळाशी लाल धाग्याचे तुकडे होते.

"मामा, थांब!"

पण कडी सरकली होती. उजेड आत घुसला. तिने झडप घालून झाकण दाबलं. जेमतेम एक सेकंद गेला होता. आजोबांच्या हिशेबाने सोळा चित्रं.

मामाने डब्यातले लाल तुकडे उचलून तळहातावर घेतले. "मीच घालवलं गं बाबांचं बदक."

तिने मला काळ्या कापडात गुंडाळून नेलं आणि अंधाऱ्या खोलीत फिल्म धुतली. रिळावर शेवटची चित्रं सगळ्यांत बाहेर गुंडाळलेली असतात. ती करपली होती. नेमकी उडीच गेली होती. आतल्या वेढ्यांवर मात्र बदक शाबूत होतं. पुसट, काठावर उभं, मान वळवणारं.

नातीने ते पुन्हा पुन्हा पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मामा, प्रत्येक चित्रात आधीच्या मानेचा डाग राहिलाय. नीट पुसलंच जात नव्हतं. म्हणून ते बिचकल्यासारखं दिसतंय!"

तिने मांजर बाजूला ठेवली. कोळसा आणला, माझ्या पोटात नवी फिल्म भरली, मला पुन्हा उलटं टांगलं आणि आजोबांच्या बदकाची राहिलेली उडी काढायला बसली. मामा कागद धरायचा आणि कुरकुरायचा, "तीन दिवस झाले, अजून पाय हवेतच?"

काल उडी पूर्ण झाली. उद्या फिल्म धुवायची आहे. हा 'उद्या' शब्द ऐकला, की मला अजून धास्ती वाटते. पण या वेळी तिने नुसत्या दोऱ्यावर भरवसा ठेवला नाही. माझ्या झाकणावर पांढऱ्या रंगाने लिहिलं आहे: 'आत बदक आहे. अंधारात उघडा.'

मित्रांनो, प्रत्येक जुन्या पेटीवर असं लिहिलेलं नसतं. म्हणून ती उघडण्याआधी जरा थांबा, तळाशी बघा, घरातल्या मोठ्यांना विचारा. आमच्यापैकी कुणालाच ओरडता येत नाही. आणि आत कुणीतरी अजून काठावर उभं असू शकतं.