माझ्या गळ्यातलं उघडं कुलूप

मी एक जुना दरवाजा आहे आणि माझ्यामागे घर नाही. मित्रांनो, हे आधीच सांगितलेलं बरं. नंतर कळलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, बघा, दरवाजानेही फसवलं.

टीव्हीवरच्या एका मालिकेसाठी सुतारकाकांनी मला खोक्यांच्या फळ्यांतून उभं केलं. वरून रंग असा दिला की बघणाऱ्याला वाटावं, अस्सल शिसवी लाकूड! माझ्या पुढच्या बाजूला नीटनेटकी बैठकीची खोली होती. मागच्या बाजूला मेकअपचं टेबल, एक मोडकी खुर्ची आणि चहाची किटली. पुढे सगळे पाठ केलेलं बोलायचे आणि खरं काय ते मागे येऊन कुजबुजायचे. भिंतींना कान असतात म्हणतात, पण आमच्या भिंती पुठ्ठ्याच्या. त्यामुळे ऐकायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. दोन्हीकडचं ऐकून ऐकून स्वभाव संशयी झाला, त्यात माझा काय दोष?

पहिल्याच भागात मालिकेतली मुलगी, धाकटी, आईशी भांडून माझ्यातून बाहेर पडली. मला इतक्या जोरात आपटलं की चौकट हलली. आई रडली नाही. ती म्हणाली, "माझी पोर परत येईपर्यंत या दाराला कुलूप लागणार नाही." मला भरून आलं. तेवढ्यात मागे बघतो तर धाकटी मोडक्या खुर्चीत बसून मजेत चहा पीत होती. तेव्हापासून मी कोणावर पटकन विश्वास ठेवायचं सोडून दिलं.

आईचं काम करणाऱ्या बाईंना पुढे आम्ही सगळेच आई म्हणू लागलो.

मालिका फारसं कोणी बघत नव्हतं. दर आठवड्याला किती घरांनी बघितली त्याचे आकडे यायचे आणि निर्मातेसाहेबांचं तोंड एवढंसं व्हायचं. दर काही महिन्यांनी चॅनलवाले ठरवायचे, ही चालू ठेवायची की गुंडाळायची. ते दिवस जवळ आले की मला जिकडेतिकडे पाणी मुरताना दिसायचं. सुतारकाका टेप लावून माझी उंची का मोजतायत? धाकटीने केस का कापले? दुसरीकडे काम मिळालं असणार! आणि निर्मातेसाहेब आज सगळ्यांची एवढ्या आपुलकीने चौकशी का करतायत?

पण दर वेळी आमची मालिका वाचायची. आमच्याहून जास्त बघितल्या जाणाऱ्या मालिका बंद पडल्या, आमची आपली चालूच. "प्रेक्षकांचं प्रेम!" असं निर्मातेसाहेब पुढच्या बाजूला उभं राहून सांगायचे. मला काही ते पटेना. आकड्यांत न दिसणारं हे प्रेम येतं कुठून? मग एकदा तेच साहेब मागे येऊन फोनवर हळूच म्हणाले, "हो हो, कुलूप दिसेल. रोज दिसेल, काळजी नको."

तेव्हा उलगडा झाला. आम्हाला जाहिरात देणारी कंपनी कुलपांची होती! म्हणजे ज्या दाराला कुलूप लावायचं नाही, त्या दाराची मालिका कुलूपवाल्यांच्या जिवावर चालली होती. मालिका लिहिणाऱ्या लेखिकाताई हुशार. त्यांनी तोड काढली. आईने रोज एक नवंकोरं कुलूप पुसायचं, धाकटीची आठवण काढायची आणि ते उघडंच माझ्या आतल्या कडीला अडकवून ठेवायचं. कंपनी खूश, आईचा शब्दही शाबूत. त्या कुलपावर खास दिवा असायचा. माझ्या बिजागऱ्या करकरून दमल्या, पण त्यांना कोणी तेलाचा थेंब घातला नाही. मला वाईट वाटायचं. हेवाही वाटायचा.

मग कंपनीत नवे साहेब आले. ते म्हणाले, आमचं कुलूप रोज उघडं दिसतं, लोकांना वाटेल ते लागतच नाही. एकदा तरी लावून दाखवा, नाहीतर जाहिरात बंद. आणि जाहिरात बंद म्हणजे मालिका बंद.

निर्मातेसाहेब आईला घेऊन माझ्यामागे आले. त्यांनी स्वतःच्या हाताने तिला चहा दिला. लेखिकाताई टेबलाला टेकून उभ्या होत्या.

"आई, एकदा लावा ना," साहेब म्हणाले. "सगळ्यांच्या पोटाचा प्रश्न आहे."

मला वाटलं, ही मानणार. तिला दुसरं काम नव्हतं, हे मी तिच्याच तोंडून ऐकलं होतं. आणि तिने चहा घेतला! मी मनात म्हटलं, गेली.

"अहो, बाजारात बायका हात धरून विचारतात, आली का हो मुलगी?" आई म्हणाली. "मी सांगते, नाही अजून, पण दार उघडं आहे. आता काय सांगू? कंपनीने लावायला सांगितलं?"

"अशा बायका असून असून किती असतील?"

"मी नाही मोजल्या. आकडे तुमच्याकडे असतात."

लेखिकाताई पुढे आल्या. "मला शेवटचा एक भाग द्या," त्या म्हणाल्या. "पोरीला घरी आणते आणि संपवते."

भाग मिळाला, पण धाकटी मिळेना. ती दुसऱ्या मालिकेत बेशुद्ध पडली होती आणि तिथले लोक तिला उठू देईनात. सुतारकाका पक्कड घेऊन कोपऱ्यात उभे होते. शेवटचं दृश्य झालं की मला उतरवायचं होतं. मी म्हटलं, झालं, एवढी वर्षं वाट बघितली ती फुकट.

तेवढ्यात माझ्या पाठीवर हलकेच टकटक झाली.

आईने मला उघडलं. कॅमेरा फक्त तिच्या चेहऱ्याकडे होता. तिने वरपासून खालपर्यंत बघितलं.

"किती वाळलीस गं," ती म्हणाली. "ये आत."

बाजूला सरून तिने वाट दिली, मला लावलं आणि कडीचं कुलूप हातात घेतलं. "आता लावते हं," असं म्हणून तिने ते दाबलं. खट्ट!

सुतारकाका पक्कड धरलेल्या हातानेच डोळे पुसत होते.

दुसऱ्या दिवशी निर्मातेसाहेब धावत आले. तो खट्ट आवाज कंपनीला फार आवडला होता. मालिका चालू ठेवा, रोज कुलूप लावा! कालपर्यंत नकोशी झालेली मालिका एका आवाजाने हवीशी झाली. आई तिचं सामान न्यायला आली होती. ती म्हणाली, "मुलगी आली ना घरी? मग आता कशाला?" किल्ली पिशवीत टाकून ती निघून गेली.

आता मी गोदामात भिंतीला टेकून उभा आहे. कुलूप कडीला तसंच आहे, लागलेलं. मित्रांनो, एखादी गोष्ट आवडली तर मनात ठेवू नका, कोणाचा तरी हात धरून सांगा. आकडे मोजणारे तुमच्या घरी येतीलच असं नाही. आणि जमलं तर घरातल्या दाराच्या बिजागऱ्यांना थोडं तेल घाला.

माझा स्वभाव अजून तसाच आहे. कोणी गोदामात आलं की वाटतं, हा मला जळणाला नेणार. पण त्या टकटकीवर मी कधी संशय घेतला नाही. मागे लेखिकाताई उभ्या होत्या, हे मला दिसत होतं. आईलाही ठाऊक होतं. तरी त्या दिवशी मी उघडलो तो धाकटीसाठीच, आणि माझ्या बिजागऱ्या जराही करकरल्या नाहीत.